चार हजार तीनशें सतरावी साक्ष

श्रीगजाननास वंदन, कुलस्वामिनीस वंदन, आणि ज्या यंत्रावर हें लिहितों त्याची बॅटरी अखेरपर्यंत पुरो ऐसी प्रार्थना. शके एकोणीसशें अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सरे, एका राज्यांत जें वर्तमान जाहलें तें येथें लिहिलें असे. राज्याचें नांव लेखकास ठाऊक आहे, परंतु लिहिण्याची छाती नाहीं. राज्य लहान, तट थोर, आणि तटास दरवाजा एकच. राजेसाहेब मनाचे उदार परंतु जीवाचे भित्रे, प्रजेच्या पोटांत काय आहे या चिंतेनें त्यांस घांस गोड लागेना. मग सवालनीस धोंडोपंत म्हणोन दरबारांत एक मुत्सद्दी होते, त्यांणीं हात जोडून अर्ज केला कीं, "महाराज, हेर ठेवावा तर तो आपणांस रुचेल तेंच सांगतो आणि वर पगार घेतो. त्यापेक्षां रयतेसच विचारावें. प्रत्येकाच्या मोबाईलांत एक ॲप घालावें, त्यावर सवाल धाडावे, आणि जबाब देईल त्यास कांहीं खाऊ द्यावा." ही मसलत राजेसाहेबांस मानवली आणि त्यांणीं पंतांस शालजोडी दिली, आणि ॲपास 'मनकवडा' ऐसें नांव ठेविलें, आणि दरबारचा शिरस्ता पडला कीं मनकवड्यास विचारिल्यावांचून पान हलवूं नये.

त्या राज्यांत सरकारी कोठीवर तांदूळ निवडणाऱ्या बायका होत्या, त्यांत साळूबाई म्हणोन एक होती. बोलणें थोडें, नजर ऐसी कीं पायलीभर तांदुळांत एक खडा असला तरी तिच्या बोटास सांपडावा. तिचा नवरा रायाजी नालबंद. तो शिमगा झाल्यावर दूरदेशीं घोड्यांच्या बाजारांत नाल ठोकावयास गेला, आणि जातेसमयीं म्हणाला, "गौरी जेवायला घरी असतो बघ." लहानपणीं त्यास घोड्यानें लाथ मारिली होती, त्यामुळें डाव्या पायानें लंगडत असे, आणि दुसऱ्या लाथेची खूण भुवईवर होती. उजव्या कानांत चांदीची बाळी, खांद्यावर चामड्याची पिशवी, आणि पिशवींत नाल आणि हातोडा, ते पावलागणिक वाजत. साळूबाईस तो आवाज आळीच्या तोंडापासून ओळखूं येई आणि ती चहाचें आधण ठेवी. आतां आळींत तो आवाज नव्हता. आतां फक्त फोन राहिला, आणि फोनास रिचार्ज लागे, आणि कोठीच्या मजुरींत तेल-मीठ भागे, बोलणें भागेना.

तेव्हां शेजारीं बसून तांदूळ निवडणारी गोदाक्का म्हणोन एक प्रौढ बाई होती, तिनें साळूबाईस मनकवड्याची वाट दाखविली. सवाल पुरे केले म्हणजे मोहरा मिळत. नांव मोहरा, परंतु सोनें त्यांत गुंजभर नाहीं. आंकडा तेवढा पडद्यावर वाढे. शंभर मोहरा जाहल्या म्हणजे पावशेर गूळ, अथवा चहाची गाळणी, अथवा एका दिवसाचा रिचार्ज, जें मनास येईल तें घ्यावें. परंतु त्यांत एक मेख होती. पहिला सवाल चाळणीचा असे. त्यास 'नाहीं' दाबिलें कीं लगेच अक्षरें उमटत, "धन्यवाद, ही पाहणी आपणासाठी नाहीं," आणि दार बंद, मोहर एकही नाहीं. 'होय' दाबिलें तर पुढें वीस सवाल, आणि वीस सवालांच्या पांच मोहरा. साळूबाई पहिले आठ दिवस खरें बोलली. घोडा बाळगतां काय? नाहीं. अत्तर लावितां काय? नाहीं. केस गळतात काय? नाहीं. आठ दिवसांत तिचे आठ धन्यवाद जाहले. मग गोदाक्का सुपावरून मान न उचलतां म्हणाली, "अगं, खऱ्याला कोण गूळ देतंय? नाही म्हटलं की बाहेर, एवढं ध्यानात धर. घोडा विचारला तर दोन आहेत म्हण. केस विचारले तर टक्कल पडलं म्हण. आपलं काय जातंय?" आणि तेव्हांपासून साळूबाईच्या घरीं मनकवड्यावर दोन घोडे, एक गलबत, सात लेकरें आणि मधुमेह इतकें नांदूं लागलें, आणि दर आठवड्यास तिला रायाजीचा आवाज ऐकूं येऊं लागला. सगळें राज्य तेंच करीत होतें. दरवाज्यावरील हवालदार निंबाजी, कसलेला शिपाईगडी, त्यानेंही आपणास जुळीं जाहलीं ऐसें दाबून एक गाळणी मिळविली होती.

आषाढ लागला आणि मग मनकवड्यावर निराळा सवाल आला: तटाबाहेर अनोळखी स्वार पाहिले काय? साळूबाईनें चाळणी ओळखिली आणि 'होय' दाबिलें. किती? दहाहून अधिक. भय किती वाटतें, एकापासून दहापर्यंत? तिणें पूर्वीं एकदां 'दोन' दाबून बाहेरची वाट धरिली होती, म्हणोन 'दहा' दाबिलें. आणि साऱ्या राज्यानें 'दहा' दाबिलें. पंतांनीं हें वर्तमान थरथरत दरबारीं नेलें. राजेसाहेबांनीं तट उंच करविला, आणि तट उंच होतांना पाहून लोक मनांत म्हणाले कीं, आपण तर लबाडी केली, परंतु सरकार विटा रचितें त्याअर्थीं कांहीं खरें असलें पाहिजे. जो तो समजे कीं खोटें मी एकट्यानेंच दाबिलें आणि बाकीच्यांनीं खरेंच पाहिलें. मग बाजारांत मीठ मिळेना, बायका पाण्यास जातांना तीन-तीन जणी मिळून जाऊं लागल्या, कुत्रें भुंकलें तरी दारें लागूं लागलीं. साळूबाईही दारास दुहेरी कडी घालूं लागली. ज्या स्वारांचा जन्म तिच्याच अंगठ्यापासून, त्यांच्या टापा तिला ऐकूं येऊं लागल्या. गोदाक्कास तिणें हळूच विचारिलें, "आक्का, तुम्ही खरंच पाहिले का हो स्वार?" गोदाक्का खडे वेंचीत म्हणाली, "मी नाही पाहिले. पण एवढी माणसं म्हणतात ना." आणि दोघींनीं सुपें पुढें ओढिलीं.

श्रावणांत सवाल आला: आपल्या आळींत कोणी संशयित मनुष्य दिसला काय? साळूबाईचें बोट थांबलें. परंतु रायाजीशीं बोलून बारा दिवस जाहले होते, आणि रिचार्जास पांच मोहरा कमी होत्या, आणि मनुष्य कोण हें तर विचारिलें नव्हतें. तिणें 'होय' दाबिलें. पुढें फर्मान आलें कीं, त्याचीं पांच चिन्हें लिहावीं, पांचांहून कमी चालणार नाहींत. कोणाचें नांव घ्यावें तर त्याचा गळा कापिला, ही अक्कल तिला होती. म्हणोन तिणें ठरविलें कीं जगांत नाहीं ऐसा मनुष्य रचावा. सूप मांडीवर घेऊन ती विचार करूं लागली, आणि बारा दिवस जो मनांतून हलला नव्हता तोच बोटांत उतरला. तिणें लिहिलें, डाव्या पायानें लंगडतो. तिणें लिहिलें, भुवईवर व्रण. उजव्या कानांत बाळी. खांद्यावर चामड्याची पिशवी. चालतांना लोखंड वाजतें. लिहितांना तिला हंसूंही आलें, इतकें तें चित्र उमटलें. पांच मोहरा पडल्या, रिचार्ज जाहला, आणि ती रायाजीशीं पाऊण तास गूळपोळीविषयीं बोलली. आपण काय केलें हें त्या पाऊण तासांत तिच्या ध्यानींही आलें नाहीं.

चवथे दिवशीं तें ध्यानीं आलें. मनकवड्यावर सवाल उमटला: डाव्या पायानें लंगडणारा, भुवईवर व्रण, कानांत बाळी, खांद्यावर चामड्याची पिशवी, आणि चालतांना लोखंड वाजतें, ऐसा शत्रूचा हेर आपण पाहिला काय? साळूबाईच्या हातांतून सूप सुटलें आणि तांदूळ भुईवर सांडले. तिणें 'नाहीं' दाबिलें. "धन्यवाद, ही पाहणी आपणासाठी नाहीं." तिणें यंत्र बंद करून पुन्हां उघडिलें आणि पुन्हां 'नाहीं' दाबिलें. पुन्हां धन्यवाद. सायंकाळपर्यंत बाराशें लोकांनीं त्या लंगड्यास पाहिलें होतें. कोणी विहिरीपाशीं पाहिला, कोणी तोफांच्या दारूच्या कोठारापाशीं, कोणी म्हणे तो आमच्या म्हशीकडे रोखून पाहात होता. ती धांवत सवालनीस पंतांच्या कचेरीस गेली आणि पायरीवर बसून म्हणाली, "सरकार, तो माणूस मी मनातून लिहिला. तो हेर नाही. माझा नवरा आहे." पंत भले गृहस्थ होते, त्यांणीं तिला पाणी देवविलें आणि म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या नाहीं म्हणतां, आणि बाराशें होय म्हणतात. आणि नाहीं म्हणणारांची मोजदाद आम्हांकडे मुळींच नाहीं. ते पाहणीच्या बाहेर पडतात ना! तुमचें म्हणणें मी कोणत्या रकान्यांत लिहूं?" आणि त्यांणीं खरोखर कागद उलटासुलटा करून पाहिला, परंतु रकाना सांपडला नाहीं. भीति म्हणजे काय तें साळूबाईस त्या पायरीवर समजलें. स्वारांचें भय खोटें होतें. हें खरें होतें आणि ह्यास तोंड नव्हतें.

त्या दिवसापासून लंगड्याखेरीज दुसरी पाहणी क्वचितच येई, म्हणोन साळूबाईच्या मोहरा मुंगीच्या पावलानें वाढल्या आणि रायाजीस फोन करण्यापुरत्या शंभर कांहीं भरल्या नाहींत. मग भाद्रपद आला आणि गौरी आल्या. गौरी जेवणाचे दिवशीं मध्यान्हीं दवंडी फिरली कीं, लंगडा हेर आज येणार ऐसी बहुतांची साक्ष आहे, सबब दरवाजा बंद. जो त्यास आंत घेईल त्याचें शिर जाईल. त्यास धरावयास बाहेर जाण्याचा हुकूम मात्र कोणास नव्हता, कारण त्याच्यामागें फौज असेल ऐसें सर्वांस वाटे. साळूबाईनें गौरींपुढचें ताट तसेंच ठेविलें आणि मोबाईल घेतला. रायाजीस सांगावें कीं परत फीर. परंतु रिचार्ज सरला होता. मोहरा पंच्याण्णव होत्या. पांच कमी. शेजारणींनीं भयानें दारें लाविलीं होतीं, कोणी फोन देईना. तेव्हां मनकवडा उघडिला तों पाहणी एकच उघडी, लंगड्याची, आणि तीखालीं आंकडा, आजवर चार हजार तीनशें सोळा जणांनीं पाहिला. 'नाहीं' म्हणावें तर नवऱ्यास सांवध करितां येत नाहीं. 'होय' म्हणावें तर नवऱ्याच्या गळ्याचा दोर आणखी एका पदरानें वळला जातो. तिणें गौरीच्या मुखवट्याकडे पाहिलें. साळूबाईनें 'होय' दाबिलें. आंकडा सतरा जाहला. पहिली साक्ष तिची आणि ही शेवटचीही तिचीच. मग वीस सवाल. लंगडा उंच आहे काय? क्रूर दिसतो काय? तिचा अंगठा घामानें घसरूं लागला. मध्येंच सवाल आला: आपण लक्षपूर्वक वाचतां हें कळावें म्हणोन खालील यादींतून 'हत्ती' निवडावा. तिणें रडत रडत हत्ती निवडिला. पांच मोहरा पडल्या, रिचार्ज जाहला, आणि पलीकडे रायाजी आनंदानें ओरडला, "अगं टेकडी उतरलो की! ताट वाढ. पण दरवाजा बंद का गं दिसतोय?" ती म्हणाली, "परत फिरा, तुमच्या पाया पडते, परत फिरा," आणि तो म्हणाला, "ऐकू येत नाही, थांब, आलोच," आणि लाईन तुटली, आणि पुन्हां लागेना.

ती दरवाज्यापाशीं धांवत आली तेव्हां तिसरा प्रहर टळला होता. निंबाजी हवालदार खिडकीस डोळा लावून उभा होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. बाहेरून लोखंड वाजल्याचा आवाज येत होता, आणि इकडे पहाऱ्यावरील शिपाई त्या आवाजानें एकमेकांस धरून उभे होते. साळूबाई म्हणाली, "निंबाजीदादा, तुम्ही ओळखता त्यांना. तुमच्या घोडीला नाल कुणी ठोकला? तिचा खूर सडला होता तेव्हा तीन दिवस तबेल्यात कोण निजलं?" निंबाजी म्हणाला, "ओळखतो, ताई. चांगला ओळखतो. पण माझ्या ओळखीला काय किंमत? चार हजारांनी पाहिलाय." ती म्हणाली, "तुम्ही पाहिलात का?" निंबाजीनें खालीं पाहिलें. म्हणाला, "मी पण होयच दाबलंय. पावशेर गूळ घेतला, गौरीसाठी." आणि तो मोठा मिशीवाला मनुष्य रडूं लागला. साळूबाईनें त्यास दोष दिला नाहीं, कारण दोष देण्याचा अधिकार आपणास नाहीं हें ती जाणत होती. ती इतकेंच म्हणाली, "आत घ्यायची बंदी आहे. बाहेर जायची आहे का?" निंबाजीनें हुकुमाचा कागद दोनदां वाचिला. बाहेर जाण्याविषयीं त्यांत कांहीं नव्हतें, कारण बाहेर कोणी जाईल ऐसें दरबारच्या स्वप्नींही आलें नव्हतें. त्यानें मोठ्या दरवाज्यांतल्या लहान दिंडीचा अडसर काढिला, आणि ती वाकून बाहेर पडली, आणि मागें अडसर पडल्याचा आवाज जाहला.

बाहेर येऊन तिणें चहूंकडे पाहिलें. फौज नव्हती. स्वार नव्हते. बाजरी कमरेइतकी उभी, तीवर चिमण्या, आणि वाटेच्या दगडावर रायाजी पाय चोळीत बसलेला. तो उठला आणि पिशवींत हात घालून म्हणाला, "हे बघ, शिंगाची फणी आणलीय तुला. पण हे तटावर सगळे का जमलेत गं? कुणी येणार आहे का?" तिणें मागें पाहिलें. तटावर माणसांची रांग होती, आणि प्रत्येकाच्या हातांत मोबाईल, आणि त्यांत गोदाक्काही होती. आणि तोंच साळूबाईचा मोबाईल वाजला, कारण तटाखालीं रेंज अजून होती. तातडीची पाहणी, मोहरा दुप्पट: तटाखालीं शत्रूच्या दोन असामी, एक लंगडा पुरुष आणि एक स्त्री, दिसतात काय? ह्या एका सवालास तटावर जेवढ्यांनीं 'होय' दाबिलें तेवढे सर्व खरें बोलले. दुसरा सवाल आला: तोफ डागावी काय? बुरुजावर गोलंदाजानें काकडा पेटविला होता आणि तो निकालाची वाट पाहात होता. 'नाहीं' म्हटलें कीं बाहेर, हें त्या साऱ्या अंगठ्यांस तीन महिने शिकविलेलें होतें, आणि आज तर मोहरा दुप्पट होत्या. तिणें दोन्ही हात वर करून टाहो फोडिला, "गोदाक्का, नाही दाबा! आक्का, नाही म्हणा!" गोदाक्कानें खालीं पाहिलें आणि मग हातांतील यंत्राकडे पाहिलें, आणि तिचा अंगठा पडद्यापाशीं वरच्यावरच राहिला. मग तिणें 'नाहीं' दाबिलें. "धन्यवाद, ही पाहणी आपणासाठी नाहीं." आणि निकाल लागला: शंभरांपैकीं शंभर, होय. रायाजीनें बुरुजाकडे पाहिलें, मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलें, आणि कांहीं न विचारतां तिचा हात धरून बाजरींत शिरला. त्याचा पाय ओढत होता आणि पिशवींतलें लोखंड वाजत होतें, आणि तिणें ती पिशवी त्याच्या खांद्यावरून काढून फेंकून दिली. मग तोफेचा आवाज जाहला. धूर तटावर पसरला, चिमण्या उडाल्या, आणि बराच वेळ कोणास कांहीं दिसलें नाहीं.

येथवर वर्तमान पाहिलेलें, येथून पुढील दरबारीं नोंदलेलें. गोलंदाजास डागण्यापूर्वीं मनकवड्यानें विचारिलें होतें कीं नेम बरोबर आहे काय, आणि त्यानें संवयीप्रमाणें 'होय' दाबिलें होतें, म्हणोन गोळा कोठें पडला हें दरबारास अद्याप कळलें नाहीं. सातवे दिवशीं पाहणी आली: शत्रूच्या त्या दोन असामी अद्याप जिवंत आहेत काय? चार हजारांहून अधिक लोकांनीं 'होय' दाबून गूळ घेतला, सबब राज्य अजून भिऊन आहे, तट आणखी दोन हात चढला आहे आणि दरवाजा आजतागायत बंद आहे. 'नाहीं' दाबणारी असामी एकच, तिची नोंद दरबारीं नाहीं, ती कोठीवरील गोदाक्का, आणि खरें काय तें राज्यांत तिलाच ठाऊक होतें. तिला आदले दिवशीं दूरदेशच्या अनोळखी नंबरावरून फोन आला होता. पलीकडे कोणी बोललें नाहीं. फक्त लोखंडावर हातोडा पडत असल्याचा आवाज तिणें मिनिटभर ऐकिला, नालबंदाचा हात ओळखिला, आणि मग सूप ओढून खडे वेंचावयास बसली. इति संक्षेप. वाचणारानें हें कोणी विचारिल्यास वाचिलें नाहीं ऐसें सांगावें.